आरशांच्या साहाय्याने परावर्तन-मापन

पृष्ठभागावर पडलेला प्रकाश कोणकोणत्या दिशांना किती प्रमाणात परततो, हे आरशांची योजना करून एकाच वेळी टिपण्याची पद्धत. मोजली जाणारी राशी म्हणजे द्विदिशीय परावर्तन वितरण फलन, म्हणजे एका दिशेने आलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश दुसऱ्या ठरावीक दिशेला परततो हे सांगणारी राशी. तिची व्याख्या फ्रेड निकोडेमस यांनी १९६५ मध्ये मांडली. ती आपाती (प्रकाश येण्याच्या) दिशेचे दोन आणि परावर्तित दिशेचे दोन अशा चार कोनांवर, शिवाय तरंगलांबीवर अवलंबून असते.

पारंपरिक उपकरणात दिवा आणि संवेदक नमुन्याभोवती फिरवून एकेका दिशेचे वाचन घेतात. एका दिशेने घासलेल्या पोलादाचा पत्रा जागच्या जागी नुसता वळवला तरी त्यावरची चमक बदलते. अशा पृष्ठभागासाठी चारही कोन बदलावे लागतात आणि दर १० अंशांना एक वाचन घेतले तरी संख्या लाखावर जाते.

ही फिरवाफिरव आरशामुळे वाचते. लंबवर्तुळाकार छेदाच्या अंतर्गोल आरशात नमुना एका नाभीशी (छेदातील दोन केंद्रबिंदूंपैकी एकाशी) ठेवला, की त्यावरून निघून आरशावर आदळणारा प्रत्येक किरण दुसऱ्या नाभीकडे जातो. तेथे कॅमेरा असल्यास चित्रातील प्रत्येक बिंदू एका दिशेचे मूल्य देतो. अन्वस्ताकार (पॅराबोलिक) आरशाची सोय याहून देखणी आहे: अक्षाला समांतर असलेली प्रकाशशलाका न वळवता केवळ बाजूला सरकवली, तरी नाभीशी ठेवलेल्या नमुन्यावरील तिचा आपतन कोन बदलतो. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील ग्रेगरी वॉर्ड यांनी १९९२ मध्ये अर्धपारदर्शक अर्धगोल वापरला; प्रकाश बाहेरून त्याच्या आरपार नमुन्यावर पडे आणि परावर्तित प्रकाश आतील बाजूवरून मत्स्यनेत्री (अतिविस्तृत कोन टिपणाऱ्या) भिंगाकडे वळे. पुढे सपाट आरशांच्या शोभादर्शकासारख्या रचनेतून एकाच नमुन्याच्या अनेक दिशांच्या प्रतिमा घेण्याचेही प्रयोग झाले.

मापनाची विश्वासार्हता मात्र अंशशोधनावर, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून वाचन दुरुस्त करण्यावर, ठरते. आरसा स्वतः काही प्रकाश शोषतो आणि त्याचे प्रमाण कोनानुसार बदलते. म्हणून ज्ञात परावर्तनाच्या पांढऱ्या प्रमाण-नमुन्याचे वाचन त्याच रचनेत घेऊन प्रत्येक दिशेसाठी गुणोत्तर काढतात. चकचकीत नमुन्याच्या तेजस्वी ठिपक्याशेजारी अगदी मंद प्रकाशही मोजायचा असल्याने वेगवेगळ्या उद्भासन-काळांची (एक्सपोजरची) छायाचित्रे एकत्र करावी लागतात. आरशावरून नमुन्यावर पुन्हा पडणारा प्रकाश वजा करणे सर्वांत अवघड. फिकट नमुन्यांत ही चूक वाढते. पृष्ठभागाला जवळपास समांतर जाणारे किरण आरशाच्या कडेबाहेर निसटतात, त्यामुळे त्या कोनांसाठी फिरत्या संवेदकाचे जुने उपकरणच वापरणे योग्य ठरते.