संपादनजन्य वाढ

(औद्योगिक सुट्या भागांचे वितरण). दुसरी पेढी विकत घेतल्यामुळे वितरक कंपनीच्या विक्रीत पडणारी भर. बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील, हायड्रॉलिक होज असा माल कारखान्यांना पुरवणाऱ्या कंपन्या ही भर वेगळी काढून दाखवतात. उरते ती स्वबळावरील वाढ. (वृत्तपत्रांतील ‘सेंद्रिय वाढ’ हा शब्द शेतीची आठवण करून देतो, म्हणून येथे टाळला आहे.) हा भेद अर्थशास्त्रात एडिथ पेनरोझ (१९१४–९६) यांनी १९५९ मध्ये पद्धतशीर मांडला, व्यापारी हिशेबात तो त्याआधीही पाळला जात असावा.

उत्पादकाची त्या भागातली एजन्सी आणि कारखान्याच्या मेंटेनन्स खात्याशी असलेला जुना घरोबा नव्या शाखेला मिळायला वर्षे लागतात. चालते दुकान घेतले की बरेचदा दोन्ही हाती येतात. अमेरिकेतील अप्लाइड इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजीज (क्लीव्हलंड, स्थापना १९२३) आणि मोशन इंडस्ट्रीज (१९७६ पासून जेन्युइन पार्ट्सच्या मालकीची) यांनी हा मार्ग धरला. नट-बोल्टांची अमेरिकी वितरक फास्टनल (स्थापना १९६७) मुख्यतः स्वतःच्या शाखा काढत वाढली.

मोजणीत खरी अडचण तारखेची. १०० कोटींची विक्री असलेल्या वितरकाने २० कोटींची पेढी १ ऑक्टोबरला घेतली, तर मार्चअखेर विक्री ११० कोटी दिसते आणि पुढच्या वर्षी १२० कोटी. एकही बेअरिंग जास्त न विकता दोन वर्षे अनुक्रमे १० आणि सुमारे ९ टक्के वाढ! म्हणून स्वबळावरील वाढ काढताना विकत घेतलेल्या पेढीची पहिल्या १२ महिन्यांची विक्री वगळण्याची रीत पडली. मात्र त्या १२ महिन्यांत त्या पेढीची गिऱ्हाइके गळाली, तर ती घट स्वबळाच्या आकड्यात उमटत नाही. पेढी आधीपासूनच आपली होती असे धरून मागील वर्षाचे आकडे जुळवण्याची दुसरी पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते. एका गावातल्या दोन शाखा एक केल्या आणि ऑर्डरी जुन्या शाखेच्या नावावर चढू लागल्या, की पहिली पद्धत आणखी फसते.

अमेरिकेत २००१ च्या मध्यापर्यंत काही विलीनीकरणांत दोन्ही कंपन्यांचे मागील वर्षांचे हिशेब एकत्र करून नव्याने मांडले जात. तेथे हा फुगवटा दिसत नसे. ती मुभा गेल्यावर ताबा मिळाल्या दिवसापासूनचीच विक्री धरली जाते. भारतात इंड एएस १०३ या लेखामानकानुसार (धंद्यांच्या एकत्रीकरणाचा नियम) घेतलेल्या धंद्याची ताब्यानंतरची विक्री आणि खरेदी वर्षारंभीच झाली असती तर दिसली असती ती एकत्रित विक्री, असे दोन्ही आकडे टिपांत द्यावे लागतात.

अमेरिकेतील कामन कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये आपला वितरण विभाग लिटलजॉन या गुंतवणूक संस्थेला सुमारे ७० कोटी डॉलरला विकला. जानेवारी २०२२ मध्ये मोशनने तो सुमारे १३० कोटी डॉलरला घेतला. कामनच्या पुस्तकात जी विक्री कमी झाली, ती पुढे मोशनच्या पुस्तकात वाढ म्हणून आली.