अतिमानवी सैनिक घडवायला लहान मुलगाच का लागतो?

बारा वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला, तर बोटांची हाडं तुटल्यासारखी वाटतात. प्रत्येक हाडाचा दांडा वेगळा आणि त्याच्या एका टोकाला, मध्ये काळी फट सोडून, बसवलेली छोटीशी टोपी. ती फट मोकळी नसते. तिथे कूर्चा असते, पण एक्स-रे तिला जवळजवळ अडतच नाहीत, म्हणून फिल्मवर ती काळी दिसते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. माणसाची उंची अशाच पट्ट्यांमध्ये तयार होते. किशोरवय सरता सरता फट भरून येते, टोपी आणि दांडा एकजीव होतात. त्यानंतर कितीही हॉर्मोन टोचलं तरी हाड लांबीला वाढत नाही.

'वॉरहॅमर ४०,०००' हा ब्रिटिश युद्धखेळ १९८७ साली आला. त्याच्या काल्पनिक जगात 'स्पेस मरीन' नावाचे अतिमानवी सैनिक आहेत. भरती झालेल्याच्या शरीरात एकेक करून १९ नवे अवयव बसवले जातात. दुसरं हृदय, हाडं वाढवणारी ग्रंथी, स्नायू फुगवणारी ग्रंथी, जखम क्षणात बुजवणारा अवयव, तिसरं फुप्फुस, आणि शेवटी कातडीखाली एक काळं कवच, ज्यातून चिलखत थेट मज्जातंतूंशी जोडलं जातं. (२०१७ साली या यादीत आणखी ३ अवयवांची भर पडली.) भरती मात्र फक्त कोवळ्या वयातल्या मुलांची होते. मोठ्या माणसाचं शरीर हे अवयव स्वीकारत नाही, असं कथा सांगते. या सगळ्या कल्पनाविश्वात जीवशास्त्राच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते, आणि सर्वांत क्रूरसुद्धा हीच.

आधी उंचीचं पाहू. ग्रोथ प्लेट उघडी असताना पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हॉर्मोन प्रमाणाबाहेर आलं, तर मूल राक्षसी उंचीचं होतं. प्लेट बंद झाल्यावर तेच घडलं, तर उंची तेवढीच राहते आणि जबडा, हात, पाय जाड होत जातात. पहिल्या प्रकारचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या रॉबर्ट वॅडलो यांचं. त्यांची उंची २७२ सेंटिमीटर होती. एवढं शरीर उचलताना पाय थकत, म्हणून पायांना धातूचे आधार लावावे लागले. पावलांची संवेदना खूप कमी झाली होती. १९४० मध्ये त्या आधारानेच घोट्याला घासून फोड आला, तो चिघळला आणि संसर्ग पसरून ते वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी गेले.

असं का होतं, याचं उत्तर गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दिलं होतं. महाकाय प्राण्याचं हाड किती बेढब जाड असावं लागेल, याचं चित्रच त्याने काढलं. आपणही हिशेब मांडून पाहू. १७५ सेंटिमीटर उंचीचा, ७० किलोचा माणूस त्याच ठेवणीत २१० सेंटिमीटरचा केला, तर उंची १.२ पट झाली. वजन मात्र १.२ चा घन, म्हणजे सुमारे १.७३ पट वाढून १२१ किलोवर गेलं. हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १.२ चा वर्ग, म्हणजे फक्त १.४४ पट झालं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २० टक्के जास्त भार आला, आणि चिलखत अजून चढवायचंच आहे. तापण्याचा प्रश्न वेगळाच. स्नायू वापरत असलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो. मोठ्या देहाला त्याच्या वजनाच्या मानाने कातडी कमी असते, त्यामुळे ती उष्णता बाहेर टाकायला जागाही कमी मिळते.

कथेतला उपाय असा: आहारातून चिनी मातीसारखी सिरॅमिक द्रव्यं द्यायची, ती हाडांत मुरतात आणि बरगड्या जुळून छातीवर अभेद्य ढाल तयार होते. वाचायला थरारक आहे. पण हाडात आजही खनिज आहेच. कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. खनिज ताठपणा देतं, तंतू चिवटपणा. नुसतं खनिज वाढवलं तर हाड खडूसारखं तुटतं. दुसरं म्हणजे हाड ही जिवंत वस्तू आहे. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडतात, दुसऱ्या नवं भरतात, आणि रोजच्या वापरात पडणाऱ्या सूक्ष्म भेगा अशाच बुजत राहतात. ऑस्टिओपेट्रोसिस या आजारात कुरतडणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. एक्स-रेवर हाडं संगमरवरासारखी भरीव, पांढरीशुभ्र दिसतात आणि तरी ती सहज मोडतात. बरगड्या जुळवण्याची कल्पनाही मला पटत नाही. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर सरकतात. त्या जखडल्या, तर तिसरं फुप्फुस असूनही हवा आत ओढायला जागा कुठे उरली?

खरोखर दणकट हाडं निसर्गाने दुसऱ्या वाटेने दिली आहेत. एलआरपी५ नावाच्या जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांतल्या माणसांची हाडं विलक्षण घन असतात. हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. इथे कुरतडणंही चालू असतं आणि भरणंही, फक्त भरणं जास्त. मात्र हा बदल गर्भापासूनच सोबत असतो.

स्नायूंची गोष्ट तशीच. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ मध्ये त्याचं जनुक बंद केलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे फुगलेले पुठ्ठे याच जनुकातल्या बिघाडातून आलेले आहेत. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका बालकातही असाच बदल सापडला. पण पुढे त्या प्रकारच्या उंदरांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, तपासल्या गेल्या तेव्हा त्या लहान आणि ठिसूळ निघाल्या. दोर कच्चा असेल, तर बैल कितीही ताकदीचा असून काय उपयोग?

आता दुसरं हृदय. भरती झालेल्या मुलात सर्वांत आधी तेच बसवलं जातं. आश्चर्य म्हणजे दोन हृदयांची माणसं खरोखर जगली आहेत. रशियन शल्यविशारद व्लादिमीर डेमिखोव यांनी १९४६ मध्ये कुत्र्याच्या छातीत दुसरं हृदय जोडून पाहिलं. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी रुग्णाचं दुबळं हृदय न काढता दात्याचं हृदय त्याच्या शेजारी बसवलं. अशा रुग्णाच्या ईसीजीवर दोन ताल उमटतात, एकाच कागदावर, एकमेकांशी न जुळणारे. त्यांना मज्जातंतूंनी जोडणारं काहीच नसतं. थकलेल्या हृदयाला हा मोठा आधार होता. धडधाकट माणसाला त्याने दुप्पट दम मिळेल असं मात्र नाही, कारण रक्त किती वाहणार हे वाहिन्या, फुप्फुसं आणि रक्तातल्या तांबड्या पेशीही ठरवतात. फिनलंडचे स्कीपटू एरो मँटिरांता यांच्या शरीरात जन्मजात जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी फार जास्त तयार होत. हृदय एकच, पण ऑलिम्पिकची ३ सुवर्णपदकं त्यांच्या नावावर आहेत.

परका अवयव बसवणं हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९५४ मध्ये झालं, तेही एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, कारण दोघांच्या शरीरांना एकमेकांचं मांस परकं वाटत नव्हतं. पण आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे शरीर शिकतं कधी? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये गर्भातल्या उंदरांना दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशी टोचल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांनी त्याच जातीच्या उंदराची कातडी आपली म्हणून स्वीकारली. माणसाच्या तान्ह्या बाळांतही याची सावली दिसते. अगदी लहान वयात न जुळणाऱ्या रक्तगटाचं हृदयही बसवता येतं, कारण त्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. म्हणजे हाडांची मुदत किशोरवयात संपते, तर प्रतिकारशक्तीची त्याच्या कितीतरी आधी. हे १९ अवयव बिनबोभाट रुजवायचे, तर बारा वर्षांचा मुलगाही उशिराच आला म्हणायचं.

डोळ्यांची मुदत वेगळी. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरच्या ठरावीक काळात झाकून ठेवला, तर पुढे डोळा चांगला असूनही मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र वाचत नव्हता. या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

झोपेबद्दल कथा चुकलेली नाही. एका अवयवामुळे सैनिकाचा मेंदू अर्धा-अर्धा आळीपाळीने झोपतो. डॉल्फिन हेच करतात. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्धा मेंदू जागा ठेवतात. माणसातही याची पुसट खूण आहे. २०१६ मधल्या एका अभ्यासात, अनोळखी जागी पहिल्या रात्री झोपलेल्यांच्या मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपलेला आढळला.

वेदना न होणं हे सैनिकाचं वरदान मानलं जातं. एससीएन९ए हे जनुक बंद पडलेल्या माणसांना वेदना कळतच नाही. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या अशा काही कुटुंबांवर संशोधन प्रसिद्ध झालं. त्या शोधाची सुरुवात एका मुलापासून झाली होती. तो रस्त्यावर खेळ करायचा, हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. चौदावा वाढदिवस यायच्या आधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. शरीराला सांभाळून वापरायला वेदनाच शिकवते, आणि तो धडाच त्याला कधी मिळाला नव्हता.

वय लहान हवं याचं आणखी एक कारण मेंदूत आहे. परिणामांचा विचार करणारा, 'थांब' म्हणणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. त्याआधी ज्याला घडवलं, त्याला आज्ञेच्या पलीकडचं काही दिसू न देणं सोपं. कथेतही शस्त्रक्रियांबरोबर संमोहन आणि कडक शिकवण वर्षानुवर्षं चालते. इतक्या कोवळ्या मुलाने दिलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय करारानेही १८ वर्षांखालच्या कोणी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये अशी मर्यादा घातली आहे.

त्या १९ अवयवांपैकी एक, ग्रंथींची एक जोडी, लढाईसाठी नाहीच. मानेत आणि छातीत बसवलेल्या या दोन ग्रंथी वर्षानुवर्षं हळूहळू पिकतात, आणि त्यांच्यातून पुढच्या भरतीसाठी नवे अवयव वाढवता येतात. सैनिक रणांगणावर पडला की वैद्य आधी त्या काढून घेतो. भरतीतली कित्येक मुलं शस्त्रक्रियांच्या वाटेवरच मरतात. त्यांच्या ग्रंथी पिकलेल्याच नसतात, म्हणून त्यांच्या देहातून काढून घेण्यासारखं काही उरत नाही.