अधांतरी डोंगर आणि किलोला दोन कोटी डॉलरचा दगड

'अवतार' (२००९) या चित्रपटात खाण कंपनीचा साहेब एक करडा दगड दाखवून त्याचा भाव सांगतो: किलोला दोन कोटी डॉलर. जेम्स कॅमेरॉनचं पुढचं सगळं रामायण या दगडापायी घडतं. अल्फा सेंटॉरी ही तारासंस्था आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडी लांब. तिथल्या पँडोरा नावाच्या चंद्रावर माणसं यंत्रं घेऊन उतरतात, आणि सर्वांत मोठा साठा निघतो तो नेमका तिथल्या मूळच्या ना'वी लोकांच्या महावृक्षाखाली. पुढे काय होतं ते सांगायला नको.

'अनऑब्टेनियम' नावाच्या या दगडाचं मोल कशात आहे, याचा खुलासा चित्रपट करत नाही. तो निर्मात्यांनी इतरत्र केला आहे: हा दगड साध्या तापमानालाही अतिवाहक असतो, म्हणजे त्यातून वीज कणभरही न गळता वाहते. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना हा गुण पाऱ्यात सापडला, पण उणे २६९ अंशांना. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र बहुधा याच तत्त्वावर चालतं, म्हणून त्याच्या पोटात महागडा द्रव हेलियम भरावा लागतो. पुढे काही संयुगं द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या, थंडीतही अतिवाहक राहू लागली. अलीकडची काही हायड्रोजनयुक्त संयुगं तर बर्फाच्या आसपासच्या तापमानापर्यंत पोचली आहेत, पण त्यांना वातावरणाच्या दहा लाख पटींहून जास्त दाब लागतो. खोलीतल्या उबेत, साध्या दाबाला चालणारा अतिवाहक अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. २०२३ मध्ये कोरियातून तसा दावा झाला, चार दिवस गाजला आणि तपासणीत टिकला नाही. तेव्हा दोन कोटींचा भाव मला तरी अवाच्या सवा वाटत नाही.

अतिवाहक चुंबकीय क्षेत्राला आपल्या पोटात शिरू देत नाही. १९३३ मध्ये माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. म्हणूनच चुंबकावर ठेवलेली त्याची चकती अधांतरी राहते. काही अतिवाहकांत थोडं क्षेत्र आत अडकून बसतं आणि चकती जागच्या जागी खिळते, इकडेतिकडे सरकत नाही. पँडोराचे तरंगते डोंगर याच जोरावर उभे आहेत.

हे जमेल का? हिशेब कागदाच्या पाठीवर मावतो. डोंगराची जाडी ५०० मीटर धरा, दगड आपल्या साध्या खडकाइतका जड, गुरुत्व पृथ्वीपेक्षा थोडं कमी. तो पेलायला खालून सुमारे पाच टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र पुरतं (टेस्ला हे अशा क्षेत्राचं एकक). इतका लहान आकडा ऐकून आधी विश्वास बसत नाही, कारण दवाखान्यातली यंत्रंच दीड ते तीन टेस्लाची असतात. अडचण वेगळीच आहे. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लाखभर पट, आणि तेही मैलोन्‌मैल पसरलेलं हवं. चित्रपटात त्या भागात उपकरणं बिघडतात, इतपत काळजी कॅमेरॉननी घेतली आहे. पण एमआरआयच्या खोलीत साधी लोखंडी खुर्चीही यंत्राकडे खेचली जाते. अशा ठिकाणी हेलिकॉप्टर घेऊन जाणारा वैमानिक मरणाचा धनी. लोखंड सोडाच, धातूचं नुसतं पातं अशा क्षेत्रातून वेगानं फिरवलं तरी त्यात भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि पात्यालाच ब्रेक लागतो.

दगड काल्पनिक असला तरी डोंगर, खनिज आणि तिथली माणसं हे त्रांगडं खरं आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये आदिवासींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या 'सर्व्हायव्हल इंटरनॅशनल' या संस्थेनं अमेरिकेच्या 'व्हरायटी' या नियतकालिकात जाहिरात देऊन कॅमेरॉनना साकडं घातलं: ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींची गोष्ट तुमच्या ना'वींसारखीच आहे, त्यांना मदत करा. त्यांच्या नियमगिरी डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, आहे, सुमारे सात कोटी टन. कोंधांसाठी तो डोंगर नियमराजाचा.

बॉक्साइटची जडणघडण समजली की नुसत्या श्रद्धेपलीकडचा मुद्दा दिसतो. लाखो वर्षांचा पाऊस खडकातली सिलिका धुऊन नेतो आणि मागे अ‍ॅल्युमिनियमचा सच्छिद्र थर उरतो. आपल्या राधानगरी-शाहूवाडीकडच्या सड्यांवरचं बॉक्साइट असंच घडलं. हा थर पावसाचं पाणी जिरवतो आणि कडेच्या झऱ्यांतून सावकाश सोडतो, त्यामुळे खालचे ओढे उन्हाळ्यातही तग धरतात. खाणीला हवा असतो तो थर आणि ओढ्याला पाणी पुरवणारा थर एकच.

एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियमगिरीवरच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी खाण नाकारली. २०१४ मध्ये केंद्रानंही परवानगी नाकारली. पायथ्याशी लांजीगढला उभा असलेला वेदांता कंपनीचा अ‍ॅल्युमिना कारखाना मात्र बंद पडला नाही. त्याला लागणारं बॉक्साइट दुसरीकडून येतं.