वायर सोलायची की जाळायची : तांब्याच्या भंगारामागची पार्श्वभूमी

घरात वापरतात त्या दीड स्क्वेअर एमएम वायरमधे मीटरला साधारण १३ ग्रॅम तांबं असतं. म्हणजे किलोभर तांबं काढायला पंचाहत्तर मीटर वायर सोलावी लागते. अर्ध्या स्क्वेअरची असेल तर सव्वादोनशे मीटर, आणि चार्जरच्या केसासारख्या वायरी असतील तर हिशेब किलोमीटरमधे जातो. तांब्यावरचं कव्हर काढायला लोक वायर जाळतात त्यामागचं निम्मं कारण या गणितातच आहे. लोक "अडाणी आहेत म्हणून जाळतात" असं म्हणतात तेव्हा मला राग येतो, कारण मी कॉलेजच्या सुट्टीत काकांच्या भंगाराच्या गाळ्यावर बसून वायर सोललेली आहे. जाड वायर कोणी जाळत नाही, तिथे सोलण्यात पैसा आहे हे सगळ्यात कमी शिकलेल्या माणसालाही बरोबर कळतं.

मुंबईत वीज आली १९०५ च्या सुमाराला, १९०७ ला विजेची ट्राम. त्या काळातली वायर म्हणजे आत तांबं, वर रबर, त्यावर सुती विणकाम, आणि ती लाकडी पट्टीतून भिंतीवर फिरवलेली. जुन्या चाळी पडल्या की हा माल यायचा. रबर इतकं वाळलेलं असायचं की हातोडीने दोन ठोके दिले की भुगा होऊन पडायचं, पण आतून तांबं निघायचं ते पांढरट. रबरातल्या गंधकाने तांबं खराब होतं म्हणून त्यावर कथलाचा मुलामा द्यायचे. मग सोलायला सोपी वायर, पण रेट कमी, कारण कथिल लागलेलं तांबं शुद्ध धरत नाहीत. पुढे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं कव्हर, आलं आणि मधली बरीच वर्षं तांब्याच्या टंचाईमुळे, परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारी धोरण ॲल्युमिनियमकडे झुकलं. म्हणून साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच बिल्डिंगांमधून वायर काढली तर हाताला ॲल्युमिनियमच लागतं. त्या काळात तांब्याचा भरवशाचा माल म्हणजे विजेच्या मोटरींचं वाइंडिंग, मुंबईच्या दारुखाना बंदरात फोडलेल्या जहाजांच्या केबल आणि टेलिफोनची केबल.

टेलिफोन केबलबद्दल थोडं सांगायला हवं. शंभर पेअरच्या केबलमधे दोनशे तारा, अर्धा एमएमच्या धरल्या तर मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तांबं. जुन्या केबलवर शिशाचं कवच आणि आत कागद, ती उलगडायला सोपी, शिसं वेगळं विकलं जायचं. नंतर आल्या जेली भरलेल्या केबल, पाणी शिरू नये म्हणून आत पेट्रोलियम जेली. ती हाताला लागली की दोन दिवस जात नाही, रॉकेलने पुसायची, ब्लेड निसटतं. या केबल लोकांनी सर्रास जाळल्या, कारण जेली स्वतःच पेटते आणि धुराचा काळा खांब उभा राहतो.

सोलण्याची पद्धत मात्र फारशी बदलली नाही. लाकडी फळीला खोबण, तिच्यावर ब्लेडचा तुकडा तिरका ठोकलेला, वायरचं टोक पक्कडीत धरून आपल्याकडे ओढायचं, कव्हर उभं फाटत जातं. दुपारच्या उन्हात ठेवलेली वायर मऊ पडून सरसर निघते, थंडीत सकाळी तीच चिवट होते आणि ब्लेड उडतं. गाळ्यावरच्या बहुतेकांच्या डाव्या अंगठ्याला आडव्या चिरा होत्या. कव्हरही फुकट जात नाही, किलोवर विकलं जातं, चपलांचे सोल आणि हलके पाइप यांच्याकडे जातं.

हे सगळं बदललं ते भावाने. २००३ मधे लंडनच्या बाजारात तांबं टनाला १,८०० डॉलरच्या आसपास होतं, मे २००६ मधे ८,००० च्या वर गेलं. तीन वर्षांत चौपट. जी बारीक वायर आधी प्लास्टिकच्या ढिगात फेकली जायची ती अचानक माल झाली, आणि ती सोलणं कोणालाच परवडणारं नव्हतं. वायर जाळायच्या खाडीकाठच्या आगी वाढलेल्या मी पाहिल्या त्या याच वर्षांत.

आता ज्या गोष्टीवर खरं भांडण आहे तिच्याकडे येतो, वायर हा माल धरायचा की घातक कचरा. तांब्याच्या भंगाराला जगभर इंग्रजी सांकेतिक नावं आहेत, बार्ली, बेरी, बर्च, ड्रुइड वगैरे. टेलिग्रामने सौदे व्हायचे तेव्हा शब्दाला पैसे पडायचे म्हणून लांबलचक वर्णनाऐवजी एक शब्द. आपल्याकडे 'मिलबेरी' म्हणतात ते त्याच कुळातलं. बेरी म्हणजे वरच्या प्रतीची तार, तिच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की जळून ठिसूळ झालेली तार चालणार नाही आणि १६ गेजपेक्षा, म्हणजे १.३ एमएमपेक्षा बारीकही नको. म्हणजे व्यापाराने स्वतःच जाळण्याला दंड लावला होता, कमी रेटच्या रूपात. पण आपल्या हल्लीच्या घरगुती वायरमधे ०.३ एमएमच्या चौदा-बावीस तारा असतात, त्या कितीही निगुतीने सोलल्या तरी या व्याख्येत बसतच नाहीत. मग सोलणाऱ्याला वरचा रेट मिळणार कसा? बारीक तार सोला नाहीतर जाळा, फरक फार पडत नाही, आणि इथेच आग जिंकते.

ड्रुइड म्हणजे कव्हरसकट वायर. हा शब्द थेट भारताच्या कायद्यात आलाय. २००८ च्या घातक कचऱ्याच्या नियमांना जोडलेल्या चौथ्या यादीत 'पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर, ड्रुइडसह' आणि 'जेली भरलेल्या केबल' अशा दोन नोंदी आहेत, आणि हा माल हाताळणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली. २०१६ ला नवे नियम आले, त्यातही त्या नोंदी राहिल्या. म्हणजे कागदावर बघितलं तर घरातली वायर भिंतीत आहे तोवर वायर आणि काट्यावर आली की घातक कचरा.

गंमत म्हणून नाही, पण याची तुलना आंतरराष्ट्रीय कराराशी करून बघा. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवरचा बाझल करार आहे, १९८९ चा. त्याच्या याद्यांत २००४ च्या बैठकीत केबलसाठी दोन नोंदी घातल्या. शिसं, कॅडमियम, डांबर, पीसीबी (एक विषारी तेलकट रसायन) असलेल्या प्लास्टिकच्या केबल घातक यादीत, आणि बाकीच्या केबल बिनघातक यादीत, पण एक अट घालून, की पुढे त्यांच्यावर कुठल्याही टप्प्याला उघड्यावर जाळण्यासारखी अनियंत्रित उष्णता वापरली जाणार नसेल तरच. म्हणजे वायरीत काय आहे हे तर बघायचंच, पण तिचं पुढे काय करणार हेही बघायचं. माझ्या मते रेघ तिथेच ओढायला हवी होती, आगीवर. आपण ती वायरवर ओढली. परिणाम काय झाला, तर फळी-ब्लेड घेऊन बसलेला माणूस, जो धूर करत नव्हता, तोही जाळणाऱ्याच्याच पंक्तीत बसला. नोंदणीचा खर्च आणि कागद त्याच्या आवाक्यातले नाहीत.

सगळीच वायर घातक धरा म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच खोटं नाही हे कबूल करतो. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं असतात, जहाजाच्या केबलमधे काय काय निघेल सांगता येत नाही, आणि प्रत्येक पोतं तपासणारा माणूस कुठून आणणार. तरी तपासता येत नाही म्हणून सगळ्यांनाच एका यादीत घालणं मला पटत नाही.

आग वाईट का, हे मात्र निर्विवाद आहे. पीव्हीसीत क्लोरीन असतं, आणि तांबं डायॉक्सिन हे जहाल विष तयार होण्याला उत्प्रेरक म्हणून मदत करतं. धगधगत्या आगीपेक्षा धुमसणारी आग जास्त वाईट, साधारण तीनशे अंशांच्या आसपास हा प्रकार जोरात होतो. विषारी रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम करारात डायॉक्सिनच्या उगमांची जी यादी आहे तिच्यात 'तांब्याच्या केबल धुमसवणे' अशी स्वतंत्र नोंद आहे. भारताने तो करार २००६ मधे मान्य केला, म्हणजे नेमका भाव आभाळाला टेकला त्याच वर्षी. डिसेंबर २०१६ मधे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. तो लागू करायला रात्री दोन वाजता खाडीवर कोण उभं राहणार हा प्रश्न तसाच आहे.

त्यानंतरच्या घडामोडी भराभर झाल्या. मे २०१८ मधे तामिळनाडूतल्या तूतिकोरिनचा वर्षाला चार लाख टनांचा तांब्याचा कारखाना बंद झाला, आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तेरा माणसं गेल्यावर. शुद्ध तांबं निर्यात करणारा देश आयात करायला लागला. त्याच वर्षाच्या शेवटी चीनने वायरी आणि विजेच्या मोटरींचं भंगार घेणं थांबवलं आणि तो माल दुसरी बंदरं शोधायला लागला. २०२१ च्या बजेटमधे तांब्याच्या भंगारावरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ वर आलं. भंगाराला किंमत आली, कच्चा माल म्हणून मान आला, पण तो मान मिळाला कंटेनरने येणाऱ्या मालाला.

गाळ्यापुरतं बोलायचं तर ग्रॅन्युलेटर मशीन आल्यापासून एक गोष्ट बरी झाली. वायर कापून भुगा करायचा, हलत्या टेबलावर तांबं एकीकडे आणि प्लास्टिक एकीकडे, केसासारखी तारसुद्धा सुटते आणि धूर नाही. मशीन मोठ्यांकडे आहे, त्यामुळे छोटे गाळे आता वायर कव्हरसकटच त्यांना देतात. काटा झाला की मूठभर वायर कापून, सोलून, तांबं किती टक्के निघतं ते समोर बघतात आणि त्यावर रेट ठरतो. काकांच्या गाळ्यावरची फळी अजून आहे, आता ती तेवढ्या मूठभर नमुन्यापुरतीच बाहेर निघते.