बिडी वळणारी बोटं, गोधडी शिवणारी बोटं

आमच्या गल्लीत दुपारी एकच आवाज असतो, यंत्रमागांचा. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. वीज गेली आणि बंद पडला की मात्र एकदम जाणवतो. त्या खटखटाटात शेजारची अक्का उंबऱ्याशी बसून बिड्या वळत असते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते, त्यामुळे मान वर करायला फुरसत नसते.

रात्री भांडी घासून झाली की तीच अक्का त्याच उंबऱ्याशी गोधडी घेऊन बसते. एकदा न राहवून मी विचारलं, "दिवसभर बोटं झिजवलीस, आता आणि हे कशाला?" सुईतला दोरा ओढत ती म्हणाली, "ते कारखान्याचं. हे माझं."

हस्तकलेनं मन सावरतं, असं हल्ली पुष्कळदा वाचायला मिळतं. दोरा हातात घ्या, चिंता पळेल, या थाटात. मला ते वाचताना नेहमी अक्काचं सूप आठवतं. बोटांची हालचाल दोन्हीकडे बारीक, लय दोन्हीकडे आहे, आणि तास तर बिडीचेच जास्त. मग एक काम माणसाला पिळून काढतं आणि दुसरं त्याच माणसाला उभं करतं, हे कसं? या प्रश्नाला बगल देऊन हस्तकलेच्या गुणांबद्दल बोलणं मला पटत नाही.

माझ्या स्वतःच्या गोधडीपासून सुरुवात करते. आई २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्याच्या फाटकातून आत जाताना तिनं एकदा मागे वळून पाहिलं, तेवढंच शेवटचं. पुढचे कित्येक आठवडे ते फाटक माझ्या डोळ्यांसमोर यायचं. भाजी चिरताना, आंघोळीच्या वेळी, झोप लागता लागता. आठवण काढावी आणि यावी असं नव्हतं. ते आपणहून, न सांगता यायचं. वाचन सुटलं, कोणाशी बोलणं नको वाटायचं. एका संध्याकाळी अक्का आत आली. "काय करूलालीस गं अंधारात? पेटी उघड. आईची लुगडी काढ."

गोधडी शिवायला बसल्यावर कळतं की हे वाटतं तितकं सोपं काम नाही. लुगडी जमिनीवर ताणून अंथरायची, कुठे चुणी राहता कामा नये. खाली धड लुगडं, मध्ये विरलेल्या साड्या, वर तुकडे जोडून केलेला थर. मग चारी कडांनी धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि चौकटीच्या आत चौकट घेत मध्यावर यायचं. ओळींमधलं अंतर बोटभराचं. सुई तीन-चार थरांतून खाली गेली की वरच्या हाताला दिसत नाही, खालच्या हातानं चाचपून ती परत वर पाठवायची. नजर टाक्यावर, एक हात आंधळा, दुसरा डोळस. त्या वेळी डोक्यात दुसरं काही मावत नाही.

"मावत नाही" हे मी सहज लिहिलं, पण मानसशास्त्र अगदी हेच म्हणतं. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी कार्यस्मृतीची कल्पना मांडली. आत्ता, या क्षणी मन ज्याच्यावर काम करतंय ते ठेवण्याची जागा म्हणजे कार्यस्मृती. ही जागा फार लहान असते. शिवाय तिच्यात वेगवेगळे कप्पे असतात: शब्द आणि आवाज एकीकडे, चित्रं, आकार आणि जागा दुसरीकडे. चुलीवर भाकरीचा तवा चढलेला असताना दुसरा तवा ठेवता येत नाही, तसा चित्रांचा कप्पा एका चित्रानं अडवला की दुसऱ्याला पुरती जागा मिळत नाही.

आता दुःखाच्या, धक्क्याच्या आठवणींकडे पाहा. न बोलावता येणाऱ्या आठवणी बहुधा चित्ररूप असतात. माझं फाटक तसंच. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अपघाताची वगैरे विदारक दृश्यं असलेली फिल्म दाखवली आणि काही जणांना ती बघता बघता मऊ मातीसारख्या प्लॅस्टिसिनचे आकार वळायला सांगितले. पुढच्या आठवडाभरात त्या दृश्यांनी सगळ्यांचाच पिच्छा पुरवला, पण ज्यांच्या हातात काम होतं त्यांचा कमी. २००९ मध्ये त्यांनी ४० जणांना अशी फिल्म दाखवून अर्ध्या तासानं निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. टेट्रिस म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून बसवायचा खेळ, सगळा डोळ्यांचा आणि आकारांचा. त्या गटातही नको असलेली दृश्यं कमी वेळा परतली. नंतरच्या प्रयोगात टेट्रिसऐवजी प्रश्नमंजुषा दिली, म्हणजे शब्दांचं काम. तिनं तसा फायदा झाला नाही.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. "मन दुसरीकडे गुंतव" असा सल्ला आपण कोणालाही देतो, पण कशात गुंतवायचं याला महत्त्व आहे. दुःख चित्रांच्या कप्प्यात असेल तर गुंतवणंही त्याच कप्प्यात हवं. टीव्हीवरची मालिका डोळ्यांपुढून सरकत राहते, मन तिच्यामागे जाईलच असं नाही. टाका मात्र लक्ष दिल्याशिवाय पडत नाही, आणि चुकला तर सुई बोटात शिरते.

हे प्रयोग ताज्या आठवणींवरचे, आणि फिल्मवरचे. आईच्या मरणाची तुलना फिल्मशी होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण आणखी एका दिशेनं झालेलं कामही याला जुळतं. क्लेशदायक आठवण मुद्दाम मनात आणायची आणि त्याच वेळी डोळ्यांना काम द्यायचं, असं केलं की त्या आठवणीचा रंग फिका पडतो, तिची धार कमी होते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. आईच्याच लुगड्यात सुई घालताना आई मनात असतेच. तिला टाळलेलं नसतं. आठवण आणि टाका एकाच लहानशा जागेत दाटीवाटीनं बसतात. गोधडीनं माझं काम असंच केलं असावं, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करता येणार नाही. एवढं खरं की पावसाळा संपता संपता फाटक दिसायचं, पण टोचायचं नाही.

दुसरी गोष्ट भटकणाऱ्या मनाची. २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन तिथंच आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकलेलं असताना माणसं कमी सुखी होती. शोकात किंवा नैराश्यात तर मन भटकतही नाही धड. घाण्याच्या बैलासारखं एकाच रिंगणात फिरतं. मी आधी का नेलं नाही, दुसऱ्या दवाखान्यात का नेलं नाही. या रिंगणातून विचार करून बाहेर पडता येत नाही, कारण विचार हेच ते रिंगण असतं. हातांकडून आत शिरलं तर कधी कधी वाट सापडते. मेंदूच्या पृष्ठभागावर स्पर्श आणि हालचालींचा जो नकाशा असतो, त्यात हात आणि बोटांनी अंगाच्या मानानं कितीतरी मोठी जागा व्यापलेली असते. वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूशल्यविशारदानं १९३७ मध्ये हा नकाशा मांडला. पाठीला मिळते तेवढीशी जागा आणि हातांना केवढी तरी.

प्रत्यक्ष हस्तकलेवरचं संशोधन कसं आहे? मनापासून सांगायचं तर, आशादायक पण कच्चं. २०१३ मध्ये लोकरीचं विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणत होते, त्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं. पण ती विणकामाची आवड असणाऱ्यांनाच विचारलेली गोष्ट. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, रंग, कागदाची चिकटचित्रं यांत रमू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताणाशी जोडलेलं हे संप्रेरक सुमारे तीन चतुर्थांश लोकांत कमी झालं, आणि आधीचा अनुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. छान आहे, पण नुसत्याच बसून राहिलेल्या लोकांचा गट तुलनेला नव्हता. इंग्लंडमधल्या ७,१८२ प्रौढांच्या उत्तरांवरून २०२४ मध्ये हेलन कीज यांनी दाखवलं की हस्तकलेत रमणाऱ्यांना आयुष्य जास्त सार्थ वाटतं, अगदी वय, नोकरी, आरोग्य यांचा हिशेब वजा करूनही. तरी हा नुसता संबंध आहे. कशामुळे काय झालं, ते यातून ठरत नाही.

या पाहण्यांत बहुतेक माणसं आवडीनं विणणारी. त्यांत अक्का दुपारची नाही, फक्त रात्रीची आहे. दुपारच्या अक्कासाठी दुसरं संशोधन बघावं लागतं. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या माहितीवरून मांडलं की नुसत्या कामाच्या ओझ्यानं माणूस तितका खचत नाही. ओझं जास्त आणि स्वतःच्या कामावर हुकूम कमी, या जोडीनं खचतो. किती करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे दुसऱ्यानं ठरवलं की तेच काम अंगावर येतं. बिडीत पानाचा आकार ठरलेला, आकडा ठरलेला, कारखान्यात तपासणीला काही बिड्या छाटून बाजूला जातात आणि ती मेहनत फुकट जाते. वर तंबाखूची धूळ नाकातोंडात. शिवाय वर्षानुवर्षांच्या सवयीनं बोटं आपोआप चालतात, मन मोकळंच राहतं, आणि मोकळं मन त्याच रिंगणात जातं. गोधडीत कुठला तुकडा कुठे लावायचा, हे अक्का ठरवते. डोळे मिटायला लागले की सुई टोचून ठेवते. टाका चुकला तर उसवते, कोणी पैसे कापत नाही.

म्हणून बिडी कामगार बाईला किंवा मागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला "हातांना काम असलं की मन प्रसन्न राहतं" असं सांगणं अन्यायाचं आहे. त्यांना आधी रास्त मजुरी आणि विसावा हवा. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हातकामाचा इलाज म्हणून वापर काही आजचा नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना रुग्णालयात भरतकाम शिकवत. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसाठी १३८ जखमी सैनिकांनी भरलेलं एक मोठं वस्त्र १९१९ मध्ये तिथल्या वेदीवर लावलं गेलं. हात-पाय गमावलेली, बॉम्बच्या आवाजानं हादरलेली माणसं रेशमाचे टाके घालत होती. अशा अनुभवांतून ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, ही शाखा वाढली. आपल्याकडे ती आणली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्न करून महाराष्ट्राच्या सून झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. सोलापूरसारख्या कापडाच्या गावात हे नाव घरोघरी माहीत असायला हवं होतं, असं मला वाटतं.

व्यवसायोपचारतज्ज्ञ काम निवडताना माणूस बघून निवडतात, आणि ते घरीही करता येतं. काम असं हवं की लक्ष द्यावं लागेल, पण हात टेकायची वेळ येणार नाही. फार सोपं असेल तर मन निसटतं, फार अवघड असेल तर आणखी एक अपयश पदरी पडतं. शोकातल्या माणसाला पहिल्याच दिवशी अख्खी गोधडी देऊ नये. अक्कानं मला एक कड दिली होती, फक्त एक. क्रोशाचा रुमाल, लोकरीची पट्टी, रुखवतासाठी केलेली तोरणं, मण्यांचं काम, जे आधी कधी येत होतं ते चालेल. मुळेगाव तांड्यासारख्या लमाणी वस्त्यांतलं आरसेकाम बघा, एकेका आरशाभोवती किती नजर लागते. विकायचं मनात आणू नये, निदान सुरुवातीला. किंमत आली की आकडा येतो.

आणि एकटं बसू नये, जमलं तर. समोरासमोर बसून बोलणं दुःखात जड जातं. शेजारी बसून, नजर टाक्यावर ठेवून ते सोपं होतं. अक्काच्या नवऱ्याची गिरणी बंद पडल्याचं आणि नंतर तो गेल्याचं मला गोधडीची ती कड शिवतानाच कळलं, इतकी वर्षं शेजारी राहून. तिच्या गोधडीत त्याचे शर्ट होते.

सुई-दोऱ्यानं जे होणार नाही तेही सांगायला हवं. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलते. माझ्या नात्यातल्या एका बाईला गोळ्या सुरू झाल्यावरच हातात लोकर धरावीशी वाटली. त्याआधी ती विणत नाही म्हणून घरातले तिला आळशी ठरवत होते.

माझी गोधडी त्या वर्षीच्या दिवाळीनंतर पुरी झाली. पहिली चौकट वाकडी आहे, ती उसवायची मला इच्छा झाली नाही. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत थंडी पडते, तेव्हा अंगावर घेतली की पायाशी आईच्या हिरव्या इरकलीचा काठ येतो.

अक्काला आता चष्मा लावूनही सुई ओवता येत नाही. बिड्या ती न बघता वळते, पण दोरा नेढ्यात जात नाही. संध्याकाळी तिची हाक आली की मी जाते, पाच-सहा सुया एकदम ओवते आणि तिच्या उशीच्या खोळीला ओळीनं टोचून ठेवते. रात्रीपुरत्या त्या होतात.