‘रात्री पुन्हा येणार म्हणं’ : भूकंपानंतरच्या अफवांमागचं मन

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड, परभणीत भुई हालली. धक्का ४.५ तीव्रतेचा, दहा-अकरा मिनिटांत दुसरा, ३.६ चा. वसमतला माझ्या आत्याच्या घरी मांडणीवरचे स्टीलचे डबे खणाणले, बाकी कशाला ओरखडा नाही. नऊच्या सुमारास तिचा फोन आला, “रात्री पुन्हा येणार म्हणं, याहून मोठा. बाजा बाहेर काढल्यात आम्ही.” कोण म्हणालं, ते तिला सांगता येईना. त्या रात्री सगळी गल्ली अंगणात झोपली.

भूकंप कुठल्या दिवशी, किती वाजता येणार हे जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. तरी दर धक्क्यानंतर अशी वेळेसकट बातमी फिरतेच. अडाणीपणा म्हणून ती झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण या ‘म्हणं’चा अभ्यास नव्वद वर्षांपूर्वी आपल्याच देशात झालेला आहे.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये महाभूकंप झाला. त्यानंतर लोकांच्या तोंडी काय फिरतंय, हे जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवलं आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध केलं. पाटण्यावर चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार, प्रलय होणार. या अफवा जिथे फिरत होत्या, तिथे धक्का जोरात आणि बराच वेळ जाणवला होता, पण पडझड झाली नव्हती.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना नेमकं हेच खटकलं. संकट टळलेली माणसं स्वतःला धीर द्यायचा सोडून आणखी भीती का घालतात? त्यांनी प्रश्नच उलटा केला. अफवेमुळे माणूस भीत नाही. भीती आधीच अंगात शिरलेली असते. हातपाय कापतायत आणि भिंतीला साधी चीर नाही, हे मनाला जुळवता येत नाही. मग मन त्या भीतीला शोभेल असं कारण शोधतं, आणि ‘रात्री मोठा येणार’ हे कारण चपखल बसतं. दार्जिलिंगच्या दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेला अभ्यास १९५२ मध्ये आला होता. तिथे माणसं गेली होती, घरं गाडली गेली होती. पुढच्या संकटाच्या अफवा मात्र नव्हत्या. भीतीचं कारण डोळ्यांपुढेच होतं. मनातल्या दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की माणूस काय करतो, हा फेस्टिंगर यांचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धान्त याच कोड्यातून पुढे आला.

मराठवाड्यात याला किल्लारीची जोड द्यावी लागते. तिथे १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान धक्के बसले होते. वर्षही झालं नाही तोच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा धक्का आला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद त्यांच्या अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. लहान धक्क्यामागून मोठा येतो, हे इथल्या लोकांनी असं पाहिलेलं आहे. आत्याच्या भीतीला नुसतं कारण नाही, दाखलाही आहे. अशा माणसाला ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच सांगून भागत नाही.

त्या मार्चमध्ये प्रशासनानं एक कामाची गोष्ट सांगितली होती : पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. आत्यानं शेजारच्या पोराला वर चढवून मागच्या खोलीवरचे सगळे दगड उतरवले. ते अजून अंगणात तुळशीपाशी रचून ठेवलेत. वळवाचं वारं सुटलं की पत्रा उडेल, ही तिची दुसरी भीती आहे, म्हणून ती ते टाकू देत नाही.