यवतेश्वरची थंडी आणि ट्रिपल एक्सेलचं जर्किन

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूनं यवतेश्वरच्या घाटाला लागणारे सायकलवाले नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पोवई नाक्यावर चहा घेताना सगळेच गारठलेले असतात. घाटाची पहिली वळणं संपेपर्यंत शिडशिडीत गड्याची कानटोपी अजून डोक्यावर असते. शंभर किलोच्या आसपासचा भरदार गडी मात्र जर्किनची चेन पोटापर्यंत उघडून, घाम निथळत, ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणत असतो. आणि परत उतरताना हाच गडी सगळ्यात आधी कुडकुडायला लागतो.

बघणारे म्हणतात, वजन कमी करा. करावंही, पण घामाघूम होण्याचा आणि नंतरच्या हुडहुडीचा बराचसा दोष अंगातल्या जाडजूड जर्किनचा असतो. मोठ्या देहाला थंडीत नेमकं काय हवं, याचा हिशेब आपण सहसा मांडतच नाही. ‘अंग मोठं म्हणून जर्किन मोठं, थंडी आहे म्हणून जाड,’ एवढ्यावर खरेदी उरकते.

हिशेब त्वचेपासून सुरू होतो. शरीरातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कातडीवाटे. कातडीचं क्षेत्रफळ उंची आणि वजनावरून काढायचं एक जुनं सूत्र आहे. द्युबुआ आणि द्युबुआ यांनी ते १९१६ मध्ये मांडलं आणि डॉक्टर मंडळी आजही वापरतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या ६० किलो वजनाच्या माणसाची कातडी त्यानुसार साधारण १.७ चौरस मीटर भरते. त्याच उंचीचा १०० किलोचा माणूस घेतला तर २.१ चौरस मीटर. म्हणजे वजन ६७ टक्क्यांनी वाढलं, पण उष्णता बाहेर टाकायची जागा वाढली फक्त २४ टक्के.

आता दोघांना चढावर घाला. सायकल आणि सामानाचे १५ किलो धरू. दोघं बरोबरीनं, तासाभरात ८ किलोमीटर जाऊन ४०० मीटर उंची चढले असं समजू. नुसतं वर चढायला ६० किलोवाल्याला सुमारे ८२ वॉट लागतात, १०० किलोवाल्याला १२५. टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा यात धरलेलाच नाही. माणसाचे स्नायू यंत्र म्हणून फार कार्यक्षम नाहीत. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेतली २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचते, उरलेली उष्णता होऊन जाते. २० टक्के धरले तर हलक्या गड्याच्या अंगात ३२७ वॉट उष्णता तयार होते आणि भरदार गड्याच्या अंगात ५००. खोली गरम करायचा छोटा हीटर साधारण एवढाच असतो. हा हीटर जर्किनच्या आत चालू आहे.

कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. अमेरिकेत १९४१ मध्ये ते ठरलं. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुटाबुटात जेवढी ऊब पुरते, तेवढी म्हणजे १ क्लो. पहाटे १२ अंश असताना नाक्यावर नुसतं उभं राहायचं तर ढोबळमानानं ३ क्लो लागतात. म्हणजे स्वेटर, त्यावर जर्किन, शिवाय मफलर. पण आपला १०० किलोचा गडी घाटात चढत असताना त्याला लागतात जेमतेम अर्धा क्लो. त्यातलाही मोठा वाटा अंगाभोवतीच्या हवेच्या थराचाच. एखादा पातळ शर्ट त्याला पुरतो! नाक्यावरच्या थंडीसाठी घेतलेलं जर्किन घाटात चुकीचं ठरणार, हे इथंच ठरून जातं.

मग चरबीचं काय? चरबी ऊब धरते हे खरं आहे. तिच्यातून उष्णता स्नायूंच्या मानानं साधारण निम्म्या वेगानं वाहते. त्यामुळं आतले अवयव ऊबदार राहतात. पण थंडीची जाणीव देणारे मज्जातंतू कातडीत असतात, आणि जाड थरामुळं आतली ऊब कातडीपर्यंत कमी पोचते. म्हणून भरल्या अंगाच्या माणसालाही स्थिर उभं असताना गार वाटतं. शिवाय बोटं, कान आणि गुडघे यांवर ती चरबी नसतेच. जाडजूड जर्किनावर पैसे घालण्यापेक्षा बऱ्या हातमोज्यांवर आणि कानपट्टीवर घालावेत, असं माझं मत आहे.

यात साताऱ्याजवळच्या, नदीकाठच्या माहुलीची एक भर. हिवाळ्यात रात्री आभाळ निरभ्र असतं, डोंगर लवकर निवतात आणि जड झालेली गार हवा उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते. कृष्णा-वेण्णा संगमावर सकाळी धुकं दाटलेलं दिसतं ते त्यामुळंच. पहाटे नदीकाठी सपाटीवर जेवढं गार असतं, तेवढं कधीकधी घाटाच्या निम्म्यावरही नसतं. माहुलीकडून निघालेला सायकलस्वार म्हणूनच जास्तीचं अंगावर चढवतो आणि तेच घेऊन घाटाला भिडतो.

आता घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. जाड जर्किननं बाकीच्या वाटा बंद केल्या, तर तासभराचे ५०० वॉट बाहेर काढायला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळावा लागेल. अंगाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग जर्किनखाली असतो, म्हणजे तासाला ४०० ग्रॅम बाष्प कापडातून बाहेर पडायला हवं. जर्किनच्या लेबलवर ‘१०,०००’ असा आकडा असतो, तो एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम बाष्प जातं याचा. तासाचा हिशेब केला तर ४१७ ग्रॅम. कागदावर जेमतेम जमलं. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या सोयीच्या स्थितीतला आहे, आणि मोजायच्या पद्धती निरनिराळ्या असल्यानं दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलनाही करता येत नाही. प्रत्यक्षात वर अस्तर, खिसे, शिवणीच्या पट्ट्या. घाम अडणारच.

‘पाणी अडवतं, वाफ सोडतं’ अशा पडद्यांचं युग सुरू झालं ते बॉब गोर यांच्यामुळं. १९६९ मध्ये त्यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणलं आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याचा थेंब त्यातून जाऊ शकत नाही, बाष्पाचे रेणू जातात. पण बाष्प आपण होऊन बाहेर जात नाही. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल, तरच त्या फरकाच्या जोरावर ते ढकललं जातं. थंडीत हा फरक भरपूर असतो, तरी अडचण दुसरीच येते. बाहेरचं कापड इतकं गार असतं की आतल्या बाजूला बाष्पाचं पुन्हा पाणी होतं. काखेत आणि पाठीवर ओलं लागतं ते बरेचदा हे दव असतं.

आणि मुळात साताऱ्याच्या थंडीत पाऊस असतो कुठं? कास-ठोसेघरच्या जुलैसाठी घ्यायची वस्तू जानेवारीत घालून कशाला उकडून घ्यायचं? हिवाळ्यासाठी पाणी अडवणाऱ्या जर्किनवर खर्च करणं मला तरी पटत नाही. इथं अडवायचा आहे तो वारा, तोही फक्त समोरून येणारा.

तो वारा भेटतो उतारावर. पेडल थांबले की अंगातला हीटर जवळजवळ बंद होतो आणि ताशी ८ किलोमीटरच्या जागी ताशी ४० चा वारा छातीवर आदळतो. वाऱ्यामुळं थंडी किती वाढते याचा पहिला मोठा अभ्यास सिपल आणि पॅसेल यांनी अंटार्क्टिकात केला. प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो हे त्यांनी मोजलं, आणि ते १९४५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढं २००१ मध्ये माणसांच्या चेहऱ्यावर प्रयोग करून सूत्र सुधारलं गेलं. त्यानुसार १० अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला की उघड्या चेहऱ्याला ६ अंश असल्यासारखं वाटतं. हे कोरड्या कातडीचं झालं. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या चोवीसपट सहज वाहते, तेव्हा आतला सुती बनियन भिजलेला असेल तर विचारायलाच नको. भरीला, बिनपेडल उतारावर वजनदार स्वार हलक्यापेक्षा जोरात जातो, कारण गुरुत्वाकर्षणाची ओढ वजनाच्या प्रमाणात वाढते आणि हवेचा अडथळा त्या मानानं कमी वाढतो. चढताना ज्याला सगळ्यात जास्त उकडलं, त्यालाच उतरताना सगळ्यात जास्त वारा.

म्हणून भरदार अंगासाठी जर्किन पाहताना पहिला प्रश्न ‘किती ऊबदार?’ हा नकोच. किती पटकन आणि किती उघडतं, ते बघा. कापड पातळ, छातीवर आणि बाह्यांच्या पुढच्या बाजूला वारा अडवणारं, पाठीवर जाळीदार. काखेत चेन असली तर उत्तम, कारण तिथं घाम भरपूर येतो आणि हात हँडलवर असताना वाराही लागतो. दोन्हीकडून उघडणारी चेन मात्र हवीच. पोट असलेल्या माणसाला वाकून बसल्यावर खालची चार बोटं चेन उघडता आली की श्वास मोकळा होतो, आणि वरून छाती झाकलेलीच राहते. चढ फार नसेल तर बिनबाह्यांची वारारोधक बंडीही पुरते. काढली की खिशात मावते. जुन्या काळी युरोपातले शर्यतवाले घाटमाथ्यावर पोचले की छातीशी वर्तमानपत्र खोचून उतरायचे. कागद वारा अडवतो, वजन काही नाही आणि खाली आल्यावर फेकून देता येतो. आजही हा उपाय चालतो.

आत सुती बनियन नको. पॉलिस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. लोकर मात्र वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं बाष्प पोटात घेऊनही ओली लागत नाही. माण-खटावच्या धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, पण घोंगडीच्या लोकरीचा बनियन मात्र कुणी शिवू नये. सायकलवर घालायची लोकर फार बारीक धाग्याची लागते.

आता मापाचं दुखणं, आणि हे खरं दुखणं आहे. दुकानात गेलात की संवाद ठरलेला.

“यात मोठा साईज?”

“डबल एक्सेलच्या वर येतच नाही ओ साहेब. पण ताणतंय बघा, घाला तर.”

ते ताणतं, हे खरं. पण पोटावर ताणलं की आतलं अस्तर दबतं, आणि ऊब अस्तरात नसून त्यात अडकलेल्या हवेत असते. हवा गेली, ऊब गेली. चेन नागमोडी होते, काखेतली छिद्रं मिटतात. मग लोक ट्रिपल एक्सेल मागवतात. तिथं दुसरंच होतं. कंपन्या मधलं एक माप बेततात आणि झेरॉक्स मोठी करावी तसे पुढचे साईज काढतात. छातीचा घेर वाढला की बाहीही लांबते, खांदाही उतरतो. पोट सुटलं म्हणून कुणाचे हात लांब होत नाहीत, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. लोंबती बाही वाऱ्यात फडफडते आणि ब्रेकवर येते. बायकांची अडचण तर आणखी: त्यांच्या मापाचं मिळालंच तर कंबरेला बरोबर येतं आणि नितंबांवर अडतं, आणि मोठ्या मापात रंगाची निवड सोडाच, वस्तूच नसते.

माप उभ्यानं घेऊ नये. सायकलवर, नाहीतर स्टुलावर बसून, हात हँडल धरल्यासारखे पुढं करावेत आणि घरच्या कुणाला तरी पोटाच्या सर्वांत फुगीर जागी टेप लावायला सांगावं. श्वास रोखून धरायचा नाही; फोटो काढायचा नाहीये. छाती आणि पोट यात जे माप मोठं, त्यावरून साईज बघावा. युरोपीय, त्यातही इटालियन बेताची जर्किनं अंगाला घट्ट असतात, तिथं एक-दोन साईज वरचा लागतो. घालून पाहताना वाका: पाठीमागून कंबर उघडी पडते का? वाकल्यावर पाठ लांबते आणि पुढची बाजू आखडते, म्हणून मागची किनार पुढच्यापेक्षा बरीच खाली आलेली हवी. आत पातळ बनियन घालून पोटाशी मूठ सरकेल एवढी जागा असली की पुरे.

रंगाबद्दल थोडक्यात. फ्लोरोसंट पिवळा दिवसा चमकतो, कारण तो सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पकडून दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. पहाटेच्या अंधारात हे किरणच नसतात. तेव्हा चंदेरी पट्ट्या लागतात, त्या दिव्याचा प्रकाश आला तिकडंच परत पाठवतात. गळीत हंगामात रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात, त्यामुळं या पट्ट्या पाठीवर असाव्यातच. मोठ्या पाठीवर पट्टीही मोठी बसते, तेवढा एक फायदा.

मापाचं काहीच मिळालं नाही तर शिंप्याकडं जावं. खांद्याला बरोबर बसणारं, पण पोटावर अडणारं पातळ जर्किन घ्यायचं आणि दोन्ही बगलांखालून कंबरेपर्यंत ताणल्या जाणाऱ्या जाळीदार कापडाची कळी घालून घ्यायची. सदऱ्याला कळी घालणारा कुणीही मुरलेला शिंपी हे काम करतो, फक्त बारीक सुई आणि पॉलिस्टरचा दोरा वापरायला सांगावं. घेर वाढतो, बाही होती तेवढीच राहते, आणि वारा लागायला नको तिथं काहीच बदलत नाही. पाणी अडवणाऱ्या जर्किनला मात्र हात लावू देऊ नये. टीप पडली की प्रत्येक सुईच्या छिद्रातून पाणी येतं.